कामाच्या ठिकाणी घसरून, अडखळून पडणं कसं थांबवायचं: फरशीपासून बुटांपर्यंत सगळं सविस्तर

कामावर कोणी घसरून पडलं की आजूबाजूच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बघून चालायचं ना जरा." मग भिंतीवर एक कागद चिकटतो, "कृपया सांभाळून चाला", आणि विषय तिथंच संपतो. मला या कागदाचा खरंच राग येतो, कारण थोड्या दिवसांनी त्याच जागी अजून कोणीतरी आपटतं आणि कागद आपला तिथंच असतो. माणूस दिवसभर पायाखाली बघत चालू शकत नाही, त्याला काम असतं, हातात सामान असतं, डोक्यात दहा गोष्टी असतात, त्यामुळे जागा अशी हवी की लक्ष नसलं तरी माणूस पडणार नाही. हा लेख सगळा त्याबद्दल आहे.

आणि हा विषय छोटा समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, म्हणजे घर, रस्ता, काम सगळं धरून, आणि अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर याचाच नंबर लागतो. ब्रिटनमध्ये कामावर होणाऱ्या, जीव न जाणाऱ्या इजांची नोंद ठेवतात त्यात साधारण ३० टक्के इजा सपाट जागेवर घसरून किंवा अडखळून पडल्यामुळे होतात, हेच तिथलं एक नंबरचं कारण आहे. उंचावरून पडणं यात धरलेलंच नाही बरं का, ते वेगळं मोजतात.

आधी हे समजून घ्या: घसरणं वेगळं, अडखळणं वेगळं

सगळे याला एकच समजतात आणि म्हणून उपाय चुकतो. घसरणं म्हणजे पाय आणि फरशी यांच्यातली पकड सुटणं. चालताना टाच जमिनीला टेकते तो क्षण सगळ्यात धोक्याचा, कारण तेव्हा अंगाचं वजन त्या पायावर यायला लागलेलं असतं आणि पाय अजून पुढच्या दिशेनं सरकतच असतो, त्यात मधे पाण्याचा किंवा तेलाचा पातळ थर आला की टाच पुढे सटकते आणि माणूस पाठीवर किंवा बुडावर आपटतो, डोकं मागून लागतं. अडखळताना उलटं होतं, पाय अडकतो पण अंग पुढे जातं, म्हणून माणूस तोंडावर पडतो, हात पुढे टेकवतो आणि मनगट मोडतं. तिसरा प्रकार म्हणजे पाऊल चुकणं, पायरी आहे असं वाटलं आणि नव्हती किंवा नाही असं वाटलं आणि होती.

म्हणून कोणी पडलं तर पहिला प्रश्न "कसा पडलास, मागे की पुढे?" हा विचारा. मागे पडला असेल तर बहुतेक फरशी, ओल, बूट यात बघायचं, पुढे पडला असेल तर वायर, उंचवटा, पायपुसण्याची कड असं काहीतरी शोधायचं. शंभर टक्के नाही, पण सुरुवातीला दिशा मिळते.

अजून एक गोष्ट जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. फरशी निसरडी आहे हे आधी कळलं तर आपलं शरीर आपोआप जुळवून घेतं, पावलं छोटी होतात, पाय सपाट पडतात, वेग कमी होतो. माणूस पडतो तो बदल न कळता झाला तर. कोरड्या फरशीवरून झपझप येताना मधेच ताटाएवढी ओली जागा, खरखरीत कोब्यावरून एकदम गुळगुळीत टाइल, सपाट पॅसेजमध्ये मधेच एकुलती एक पायरी. सगळीकडे ओल असलेल्या जागेत सवयीनं लोक जपून चालतात आणि कोरड्या लॉबीतल्या त्या एका डबक्यावर सटकतात. तेव्हा शोधायचं काय तर बदल. फरशी कुठे बदलते, पातळी कुठे बदलते, उजेड कुठे बदलतो.

पायरी १: एक चक्कर मारा, पण योग्य वेळेला

दुपारी निवांत फिरून आलात तर सगळं छानच दिसेल. चक्कर मारायची ती शिफ्ट बदलताना, जेवणाच्या सुट्टीच्या आधी-नंतर, फरशी पुसून झाल्या झाल्या, माल उतरत असताना आणि पाऊस चालू असताना. एकच जागा या वेळांना वेगवेगळी दिसते. सोबत जागेचा साधा हातानं काढलेला नकाशा घ्या आणि जिथे पूर्वी कोणी पडलंय, घसरता घसरता वाचलंय, ओल दिसते, वायर आडवी आहे तिथे खुणा करा, लवकरच कळेल की खुणा सगळीकडे पसरलेल्या नाहीत, काही ठराविक जागी गर्दी करून आहेत.

काही खुणा जागाच देते, फक्त बघायची सवय लावावी लागते. जमिनीवर कोणी पुठ्ठा किंवा गोणपाट अंथरलाय का? म्हणजे तिथे घसरतं हे कामगारांना आधीपासून माहीत आहे आणि त्यांनी आपल्या परीनं उपाय केलाय, आणि तो पुठ्ठाच उद्या सरकणार आहे. कुठे बादली कायमची ठेवलीय का? म्हणजे वरून गळतंय आणि दुरुस्ती कोणी केली नाही. लोक आखलेली वाट सोडून मशीनच्या मधून शॉर्टकट मारतात का? मग वाट चुकीच्या जागी आखलीय, लोक चुकीचे नाहीत. एखाद्या कोपऱ्यावर भिंतीवर हातांचे काळे डाग असतील तर तिथे लोक तोल सावरायला हात टेकवतात.

आणि सफाई करणाऱ्या ताई-दादांशी बोला, अगदी पहिल्यांदा त्यांच्याशीच बोला. कुठलं पाणी रोज येतं, कुठली फरशी पुसली तरी तेलकट राहते, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं आणि त्यांना कोणी विचारत नाही.

पायरी २: ओल येते कुठून ते बंद करा

पुसत बसण्यापेक्षा आधी उगम बघा. नेहमीचे गुन्हेगार म्हणजे एसीचा तुंबलेला ड्रेन पाइप, पिण्याच्या पाण्याच्या कूलरखालची जागा, हात धुवायच्या बेसिनपासून टिश्यूच्या डब्यापर्यंतचा पट्टा (ओल्या हातानं माणूस तिथवर जातो आणि ठिबकत जातो, डबा बेसिनच्या शेजारी आणला की निम्मं काम झालं), मशीनचं झिजलेलं ऑइल सील (तेल बाहेर येऊ न देणारी रिंग), किचनमध्ये फ्रायरपासून काउंटरपर्यंतची वाट, आणि दारातून येणारं पावसाचं पाणी.

कोल्ड स्टोरेज किंवा फ्रीझर रूमच्या दाराशी एक वेगळाच प्रकार होतो, कुठेही गळत नाही तरी फरशी ओली. बाहेरची दमट गरम हवा थंड फरशीला लागली की हवेतली वाफ तिथे पाणी होऊन बसते आणि आतल्या बाजूला तर बर्फाचा पातळ थर धरतो. इथे कितीही पुसा, उपाय म्हणजे दार कमी वेळ उघडं राहील असं करणं, प्लॅस्टिक पट्ट्यांचे पडदे, दाराचं फाटलेलं रबर बदलणं.

जिथे ओल येणारच, म्हणजे धुण्याची जागा, किचन, तिथे पाणी साचू द्यायचं नाही, फरशीला ड्रेनकडे उतार हवा आणि जाळी तुंबलेली नको. ड्रेन आहे पण उतार उलटा, असं खूप ठिकाणी बघायला मिळतं, मग कोणीतरी दिवसभर वायपर मारत बसतो. टोपाला, बादलीला झाकण, ट्रे काठोकाठ न भरणं, मशीनखाली ड्रिप ट्रे आणि तो ट्रे रिकामा करायची जबाबदारी कोणाची ते नाव घेऊन ठरवणं, या बारीक गोष्टी भरपूर काम करतात.

दाराशी पायपुसणं टाकताना लोक एवढंसं टाकतात की एक पाय पडतो आणि दुसरा थेट टाइलवर. बूट खरे कोरडे व्हायला चार-पाच पावलं तरी मॅटवर पडली पाहिजेत, म्हणजे मॅट लांब हवी. आणि मॅट पाण्यानं भरली की ती उलट पाणी देते, पावसाळ्यात बदलायला दुसरा सेट हाताशी ठेवा. कडा वर वळलेली मॅट असेल तर ती काढलेलीच बरी, घसरणं वाचवायला आणली आणि अडखळणं सुरू झालं असं व्हायचं.

पायरी ३: साफसफाईची पद्धत (इथे थोडं सावकाश वाचा)

साफसफाई हा धोका कमी करायचा मार्ग आहे आणि तीच धोका तयारही करते. निम्म्याहून जास्त ठिकाणी फरशी निसरडी असण्याचं कारण घाण नसतं, चुकीची सफाई असते असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली चूक, साबण जास्त. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ असं वाटतं, पण जास्तीचं डिटर्जंट फरशीवर वाळून थर बनतो आणि त्यावर थोडं पाणी पडलं की तो परत साबण होतो. बाटलीवर जे प्रमाण लिहिलंय तेवढंच, मापानं, अंदाजानं धार ओतायची नाही, आणि शेवटी साध्या पाण्यानं तो साबण काढायचा.

दुसरी चूक, तेलकट फरशीवर लावलं की लगेच पुसलं. तेल काढणाऱ्या केमिकलला काम करायला वेळ लागतो, काही मिनिटं ते फरशीवर राहू द्यावं लागतं, मग ब्रशनं घासायचं, मग ते मळकं पाणी वायपरनं किंवा ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमनं उचलायचं आणि मग स्वच्छ पाणी. मॉप नुसता फिरवला तर एका जागचं तेल सगळ्या खोलीभर पातळ थरात पसरतं. रोज थोडं थोडं राहिलेलं तेल महिन्याभरात चिवट पिवळट थर धरतं, आणि अशी फरशी नवीन असताना कितीही खरखरीत असू दे, तिच्या सगळ्या बारीक खाचा भरून जातात. लोक म्हणतात फरशी झिजली, बदलायला पाहिजे. आधी एक चौकोन नीट घासून काढा आणि मग बघा, खूपदा फरशी चांगलीच निघते.

तिसरी चूक, छोट्या सांडलेल्यासाठी मोठा मॉप. कोरड्या फरशीवर कपभर चहा सांडला तर ओला मॉप आणून तुम्ही कपभराच्या ऐवजी दोन मीटर जागा ओली करता. टिश्यू किंवा कोरडं फडकं घेऊन तेवढंच टिपून घ्या, कोरडं करून मोकळे व्हा. यासाठी जागोजागी टिश्यू किंवा शोषून घेणाऱ्या पॅडचा छोटा डबा ठेवा, कारण फडकं आणायला दोन मजले उतरावे लागत असतील तर कोणीही पुसणार नाही, आणि त्यात त्या माणसाची चूक नाही. तेल सांडलं तर शोषक पावडर टाकतात ती ठीक, पण टाकली की उचलायची, ती तशीच राहिली तर बुटाखाली तीच घसरते, लाकडाच्या भुश्याचंही तसंच, शिवाय तेलात भिजलेला भुसा पेट घेतो.

आता वेळ. फरशी पुसायची तर लोक नसताना पुसा. ते जमत नसेल तर पॅसेजची अर्धी रुंदी आधी, ती वाळली की दुसरी अर्धी, म्हणजे चालायला कोरडी वाट राहते. आतल्या टोकापासून दाराकडे पुसत या. मॉप नीट पिळा, आणि शेवटी कोरडा मॉप फिरवा, त्यानं वाळायचा वेळ खूप कमी होतो. नीट पिळलेल्या मॉपनंही एक पातळ थर मागे राहतोच आणि गुळगुळीत फरशीवर पडायला तेवढा पुरतो, डोळ्याला तर तो दिसतही नाही.

"फरशी ओली आहे" वाला पिवळा बोर्ड हा शेवटचा आधार आहे. बोर्ड माणसाला अडवत नाही, लोक त्याच्या बाजूनं ओल्यातूनच जातात, तिथे दोरी किंवा पट्टी लावून रस्ता बंद केला तर फरक पडतो. आणि फरशी वाळली की बोर्ड उचला. दिवसरात्र तिथेच उभा असलेला बोर्ड दोन दिवसांत भिंतीसारखा होतो, कोणाला दिसतच नाही.

पायरी ४: फरशी स्वतः कशी आहे

कोरड्या असताना जवळपास सगळ्याच फरश्या चांगल्या असतात, म्हणून दुकानात हात फिरवून किंवा कोरड्या बुटानं घासून काहीच कळत नाही. विचारायचं ते ओली असतानाचं. ओल्या फरशीवर बुटाला पकड मिळते ती फरशीच्या बारीक टोकांमुळे, ती टोकं पाण्याचा थर भेदून सोलला लागतात. साध्या पाण्यासाठी हा खडबडीतपणा साधारण २० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असला तरी पुरतो, पण द्रव जितका घट्ट तितकी टोकं उंच लागतात, तेलासाठी त्याच्या कितीतरी पट. म्हणून बाथरूममध्ये चाललेली टाइल किचनमध्ये चालेलच असं नाही.

मोजायच्या दोन-तीन पद्धती ऐकायला मिळतील. पेंड्युलम टेस्टमध्ये रबराचा तुकडा लावलेला हात झोका घेऊन ओल्या फरशीला घासून जातो, आकडा ३६ किंवा वर आला तर घसरायचा धोका कमी, २५ ते ३५ मध्यम आणि २४ पर्यंत जास्त असं धरतात. अमेरिकेत आतल्या, ओल्या होणाऱ्या सपाट टाइलसाठी ओली असतानाच्या घर्षणाचा, म्हणजे पकडीचा, आकडा किमान ०.४२ असावा असा मापदंड आहे. टाइलच्या कॅटलॉगमध्ये आर ९ ते आर १३ असं लिहिलेलं असतं, ती जर्मन पद्धत, तेल लावलेल्या उतारावर माणसाला चालवून बघतात. यात फसू नका, आर ९ ही त्या यादीतली सगळ्यात खालची पायरी आहे, विकणारा "अँटीस्किड आहे, आर ९ आहे" म्हणाला तरी ओल्या जागेसाठी ती घेऊ नका.

आहे त्या फरशीला सुधारायचं असेल तर खरखरीत पट्ट्या, वाळू मिसळलेलं कोटिंग, किंवा केमिकलनं पृष्ठभाग किंचित खडबडीत करणं असे मार्ग आहेत. पट्ट्या पायऱ्यांच्या कडेला आणि रॅम्पवर छान चालतात पण कडा सुटायला लागली की लगेच बदलायच्या. कुठलंही कोटिंग आधी एका कोपऱ्यात लावून महिनाभर बघा, आणि खडबडीत फरशीत घाण जास्त बसते म्हणून ती मॉपनं नाही, ब्रशनं साफ करावी लागेल हे आधीच ठरवून ठेवा. चकचकीत पॉलिशबद्दल एवढंच सांगतो, कामाच्या जागेत चकाकीचा काही उपयोग नाही, उलट तिच्यात दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि पाणी दिसत नाही.

पायरी ५: अडखळण्याच्या जागा

चालताना आपला पाय जमिनीपासून जेमतेम १ ते २ सेंटिमीटर वर उचलला जातो, म्हणजे एखादी टाइल सेंटिमीटरभर वर आली असेल तर ती बुटाच्या टोकाला अडकायला पुरेशी आहे. मोठा अडथळा दिसतो म्हणून माणूस ओलांडतो, हे छोटे दिसत नाहीत. पातळीत ६ मिलिमीटरपर्यंतचा फरक एकवेळ चालतो, त्याच्या वर गेला तर कडेला उतार द्या, आणि १३ च्या वर असेल तर सरळ रॅम्पसारखं करून घ्या.

वायरी वाटेतून नेऊच नका, वरून किंवा भिंतीच्या कडेनं न्या, सॉकेट जवळ करून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड "तात्पुरता" म्हणून लावतात आणि वर्ष जातं. आडवी न्यावीच लागली तर उतरत्या कडांचं केबल कव्हर घाला, नुसती टेप नको, टेप सुटते. कार्पेटखालून तर अजिबात नको, वायर दबते, गरम होते, आगीचा धोका वेगळाच.

गोडाऊनमध्ये बॉक्स बांधायच्या प्लॅस्टिक पट्ट्यांचे कापलेले तुकडे जमिनीवर पडतात आणि त्यांचा फास होतो, एक पाय फासाच्या एका टोकावर आणि दुसरा आत, माणूस तोंडावर जातो. जिथे पट्टी कापतात तिथेच हाताच्या अंतरावर डबा हवा, दूर नाही. पॅकिंगचं चिकट पातळ प्लॅस्टिक जमिनीवर राहिलं तर ते घसरवतंही आणि अडकवतंही. रिकामी पॅलेट (माल रचायची सपाट चौकट) उभी टेकवून ठेवू नका आणि वाटेत आडवीही नको, तिला ठरलेली जागा द्या. ऑफिसात खालचा ड्रॉवर उघडा ठेवणं, खुर्चीखाली बॅग ठेवून पट्टा बाहेर लोंबत ठेवणं, हेही त्यातलेच प्रकार.

पायरी ६: जिने आणि ती एकटी पायरी

जिन्यावर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय उंचीचा अंदाज घेतो आणि पुढचं सगळं न बघता चालतो, त्यामुळे मधलीच एक पायरी थोडी उंच किंवा बुटकी असली की पाऊल चुकतं. अमेरिकेतल्या इमारतींच्या नियमांत एका जिन्यातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या पायरीत ९.५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही, एवढा हा बारीक मामला आहे. तपासायची सोपी युक्ती अशी, वरच्या पायरीच्या मागे वाकून सगळ्या पायऱ्यांच्या कडा एका रेषेत येतात का ते डोळ्यानं बघा, एखादी वर-खाली असेल तर लगेच दिसते. नवीन टाइल बसवताना सगळ्यात वरची किंवा सगळ्यात खालची पायरी बदलते आणि कोणाच्या लक्षात येत नाही, तिथे खास बघा.

प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची, खरखरीत पट्टी हवी, नक्षीदार टाइल किंवा कार्पेट जिन्यावर नको कारण कड कुठे संपते ते उतरताना कळत नाही, आणि जास्त गंभीर पडणं उतरतानाच होतं. कठड्याची नळी मुठीत मावेल अशी हवी, रुंद सपाट लाकडी पट्टा दिसायला छान पण तोल गेल्यावर हातात येत नाही. एक हात कायम कठड्यासाठी मोकळा, दोन्ही हातांनी बॉक्स धरून जिना उतरायचा नाही, लिफ्ट वापरा, माल दोन खेपांत न्या. फोन जिन्यावर खिशात.

एकटी पायरी, म्हणजे पॅसेजमध्ये मधेच असलेली एकच, तिला मी सगळ्यात वाईट समजतो. शक्य असेल तर रॅम्प करा. नसेल तर रंग, पट्टी, वरून दिवा आणि बाजूला धरायला काहीतरी, हे सगळं करा.

उजेडाचं थोडक्यात: युरोपच्या मापदंडात पॅसेजसाठी १०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) सांगितलंय, मोबाइलच्या अॅपवर अंदाज येतो. जास्त लक्ष द्यायचं ते उन्हातून एकदम अंधाऱ्या जागेत शिरताना, डोळ्यांना सरावायला वेळ लागतो आणि नेमकी दाराशीच पायरी असते.

पायरी ७: बूट

सेफ्टी शू आहे म्हणजे घसरणार नाही असं नाही, पुढचं लोखंड बोटं वाचवतं, सोल वेगळी गोष्ट आहे. जुन्या युरोपियन मार्किंगमध्ये एसआरए म्हणजे साबणाचं पाणी असलेल्या टाइलवर तपासलेलं, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या स्टीलवर, एसआरसी म्हणजे दोन्ही. २०२२ च्या नवीन आवृत्तीत ही अक्षरं गेली, टाइलवरची टेस्ट सगळ्यांना सक्तीची झाली आणि ग्लिसरीनवरची जास्तीची टेस्ट पास असेल तर एसआर लिहितात. जुने-नवे दोन्ही बूट बाजारात असतात म्हणून हे माहीत असलेलं बरं.

ओल्या आणि तेलकट जागेसाठी मऊसर सोल, जवळजवळ बारीक खाचा, आणि खाचांतून पाणी बाहेर पडायला वाट. बाहेर चिखल-खडीसाठी मात्र खोल, लांब लांब खाचा लागतात, म्हणजे एकच बूट सगळीकडे चालेल असं नाही. एकदम सगळ्यांसाठी घ्यायच्या आधी दोन-तीन प्रकार मोजक्या लोकांना तुमच्याच फरशीवर काही दिवस घालायला द्या, ते खरं सांगतील. खाचांत कणिक, तेल, प्लॅस्टिकचे दाणे भरले की सगळ्यात भारी बूटही गुळगुळीत सोलसारखा वागतो, दाराशी बूट घासायचा ब्रश ठेवा. सोल झिजला की बदला, आणि तो कंपनीनं बदलून द्यावा, कामगारावर खर्च टाकलात तर तो फाटेपर्यंत तोच वापरणार, साहजिक आहे.

पायरी ८: छोट्या उंचीवरून पडणं

वरच्या फळीवरची फाइल काढायला चाकाच्या खुर्चीवर चढणं हे जवळपास प्रत्येक ऑफिसात चालतं आणि ते थांबवायचा उपाय म्हणजे ओरडणं नाही, त्या कपाटाशेजारी एक चांगला दोन पायऱ्यांचा स्टूल ठेवणं. त्याहून चांगलं, रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या आणि खांद्याच्या मधे आणा.

टेकवायची शिडी असेल तर चारास एक हे प्रमाण, म्हणजे वरचा टेका ४ मीटरवर असेल तर खालचे पाय भिंतीपासून १ मीटर. वर गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या वर जवळजवळ १ मीटर जास्त हवी, धरायला. चढताना-उतरताना तीन गोष्टी कायम टेकलेल्या, दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय, आणि पोट दोन्ही दांड्यांच्या आतच, बाजूला वाकून हात पुरवायचा नाही, उतरा आणि शिडी सरकवा. घडीची शिडी पूर्ण उघडून, लॉक करूनच.

ट्रकमधून उडी मारू नका. गाडीकडे तोंड करून, धरून उतरायचं, मागचा रस्ता ओला आहे की खडबडीत ते उडी मारताना दिसत नाही.

पायरी ९: माणसांच्या बाजूनं

घाई ही वरून येते. टार्गेट असं ठेवलं की माणसाला पळावंच लागतं आणि मग "पळू नका" असा बोर्ड लावला तर काय उपयोग? कामाची आखणी बघा. ट्रॉलीवर माल डोळ्यांच्या वर रचू नका, पुढचं दिसलं पाहिजे. चक्कर आणणारी औषधं, मधुमेहामुळे पायाची बधिरता, नवीन बायफोकल चष्मा ज्यातून उतरताना पायरी धूसर दिसते, हे असणारे लोक कुठल्याही ठिकाणी असतात, त्यांनी न लाजता सांगावं असं वातावरण हवं. आणि निसरड्यावरून जायचंच असेल तर छोटी पावलं, पाय सपाट, हात खिशाबाहेर, वळताना एकदम गर्रकन नको.

पायरी १०: कोणी पडलंच तर

लगेच हाताला धरून उभं करू नका, आपल्याकडून प्रेमानं होतं पण मान किंवा पाठीला लागलं असेल तर वाढतं. आधी बोला, कुठे दुखतंय, हात-पाय हलतात का, डोक्याला लागलं का. शुद्ध गेली, उलटी झाली, गोंधळल्यासारखं बोलतोय, मान दुखतेय किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत आणि डोकं आपटलंय, तर डॉक्टरकडे न्यायचंच, "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी. मान दुखत असेल तर त्याला आहे तसंच झोपवून ठेवा आणि अँब्युलन्स बोलवा.

मग जागा पुसायच्या आधी फोटो. फरशी, बुटाचा सोल, उजेड, आजूबाजूला काय होतं. नोंदीत "लक्ष नव्हतं" हे कारण लिहू देऊ नका, तिथे थांबलात की पुढे काही होत नाही. समजा माणूस तेलावर घसरला. तेल कुठून आलं, मशीनच्या सीलमधून. सील का गळतं, कधीपासून गळतंय आणि बदललं नाही. का नाही, तक्रार तोंडी केली होती, कुठे लिहिली नाही. का नाही लिहिली, लिहायला वहीच नाही किंवा लिहिलं तरी काही होत नाही असा अनुभव. आता तुमच्या हातात काम आलं, सील बदलणं आणि तक्रारीला उत्तर मिळेल अशी सोय करणं, दोन्ही.

न पडता नुसतं घसरलेल्यांचीही नोंद घ्या. फॉर्म एवढासा ठेवा, कुठे, कधी, कशावर, बस, फोनवरून फोटो पाठवला तरी चालला पाहिजे. नाव विचारलं आणि वर शिक्षा दिली तर पुढच्या महिन्यापासून एकही नोंद येणार नाही आणि तुम्हाला वाटेल सगळं सुधारलं.

दुरुस्ती झाली की ती जागा बंद समजू नका. ज्या वेळेला माणूस पडला होता त्याच वेळेला, तीच कामं चालू असताना, तिथले लोक घालतात तसलेच बूट घालून स्वतः तिथून चालून बघा, आणि पहिल्या पावसात परत एकदा.